डावीकडची फ्रेम

फ्रेमची रेघ घालवता येत नाही, असं मी दोन बॅचना छातीठोकपणे शिकवलं होतं. शरणपूर रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. इंटरनेट नाशकात नुकतं रुळायला लागलं होतं आणि ज्याला नोटपॅडमध्ये चार टॅग लिहिता यायचे तो स्वतःला वेब डिझायनर म्हणवून घ्यायचा. मीही घ्यायचो. तशी कार्डंसुद्धा छापून घेतली होती.

तेव्हा वेबसाइटचं पान फ्रेमांमध्ये कापायची पद्धत होती. वर एक आडवी पट्टी, तिच्यात कंपनीचं नाव. डावीकडे एक उभी फ्रेम, तिच्यात यादी: आमच्याविषयी, उत्पादने, यंत्रसामग्री वगैरे. उजवीकडे मोठी फ्रेम. यादीतल्या ज्या शब्दावर क्लिक करावं त्याचा मजकूर तिथे उघडायचा. आणि या तिन्हींच्या मधे ब्राउझर आपणहून एक जाड, राखाडी रेघ मारायचा. ती माउसने धरून इकडेतिकडे ओढता यायची. दिसायला भयंकर. अंबडच्या एका कारखानदाराने आमचं पहिलंच काम बघून विचारलं होतं, की मधे ही फळी कशाला ठोकलीय. मग मी बॉर्डर शून्य लिहून ती घालवायचा प्रयत्न केला, पण काडीएवढी राखाडी फट मागे राहायचीच. ती ब्राउझरची असते, जगात कुणालाच काढता येत नाही, असं मी वर्गात सांगायचो. जगात कुणाला विचारायला मी गेलो नव्हतो.

ती आधी आमच्याकडे विद्यार्थिनी होती. चांगली निघाली म्हणून मोठ्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, तिला असिस्टंट म्हणून ठेवून घेतली. रोज मनमाडहून सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरायची आणि तिथून सिटी बसने क्लासला यायची. वडील रेल्वेत, रुळांवर काम करणारे. ही उंच, हडकुळी, केस तेल चोपडून घट्ट बांधलेले, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून पक्की केलेली. गाडी लेट झाली की धापा टाकत यायची. मी तिचं नाव मनमाड पॅसेंजर ठेवलं होतं. पोरांना ते फार आवडलं. ती जिन्यात दिसली की कुणीतरी हळूच शिट्टी मारायचं आणि मी मिशीत हसायचो. तिला कळत होतं की नाही, हे मी कधी बघितलं नाही.

एका दुपारी वर्गात त्या फटीचा विषय निघाला. पंधराजण बसले होते. पहिल्या रांगेत बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, सगळं वहीत उतरवून घेणारे. त्यांनीच विचारलं, ही रेघ जात का नाही. मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. ती मागे कुणाला तरी मदत करत उभी होती. तिथूनच, अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, दोन फ्रेमांमधली जागापण शून्य करावी लागते. ती वेगळी लिहायची असते."

मी हसून म्हटलं, या, करून दाखवा. ती पुढे आली, माझ्या खुर्चीत न बसता वाकूनच एक शब्द लिहिला, फाइल सेव्ह केली, पान पुन्हा उघडलं. फट गेली. मग तिने दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं. तिथे ती होतीच. या ब्राउझरला तो शब्द कळत नाही, याच्यासाठी हा वेगळा, म्हणत तिने आणखी एक शब्द लिहिला. तिथलीही गेली. तीन फ्रेमा एकमेकींना चिकटून एकच पान झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका वहीतलं पान खोडत म्हणाले, "म्हणजे जाते की हो सर."

मीही टाळी वाजवली. आतून काय वाटलं ते आज लिहायला हरकत नाही: मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. वर्ग सुटल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, की सर, मलाही कालच चुकून सापडलं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. त्याने तर माझा तिळपापड झाला. अपमान करून वर समजूत घालणारं माणूस मला तेव्हाही आवडत नसे, आजही आवडत नाही.

त्या उन्हाळ्यात मोठ्या सरांनी जाहीर केलं की जूनपासून वेबचा विभाग वेगळा होणार आणि तिथे एक माणूस कायम घेणार. अंबडच्या गिअर बनवणाऱ्या एका शेठना वेबसाइट हवी होती. मी आणि तिने दोघांनी ती वेगवेगळी करायची, मोठे सर दोन्ही बघणार, ज्याची पसंत पडेल तो कायम. माझी पसंत पडली नसती तरी मी सकाळच्या बॅचेस शिकवत राहिलो असतोच. राहायला पंचवटीत घर होतं, आई डबा देत होती. असिस्टंटची जागा मात्र राहणार नव्हती.

तिचं काय अडलंय ते तिनेच मला डबा खाताना सांगितलं. वडील रिटायर झाले होते, रेल्वेचं क्वार्टर तीस जूनपर्यंत रिकामं करायचं होतं. ही कायम झाली तर नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला खोली घ्यायची, आईवडिलांना घेऊन तिथे राहायचं. खोली बघूनसुद्धा ठेवली होती. नाहीतर नांदगावच्या आतल्या बाजूला चुलत्यांकडे जायचं. "तिथं दिवसाला एक एसटी आहे, सर," ती म्हणाली. "तिथं गेले की कॉम्प्युटर संपला." हे सांगून तिने मला तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली. मी ती चाटूनपुसून खाल्ली.

तिचे वडील एकदा क्लासवर आले होते. आमच्याकडे लॅबमध्ये धूळ नको म्हणून चपला बाहेर रॅकमध्ये काढायची पद्धत होती. त्यांनी चपला काढल्या, पण रॅकमध्ये न ठेवता हातातच धरून दारात उभे राहिले. आत मशिनांच्या रांगेकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत होते. मी बाहेर आलो तेव्हा ती शेजारी उभी होती.

"सायेब, पोरगी कायम व्हईल ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "बघू. तिचं काम जरा कच्चं आहे अजून."

तिने खाली बघितलं. वडील म्हणाले, "कच्चं आसंल तर तुमी सांगा तिला. ती आयकती तुमचं. घरी बी तुमचंच नाव घेती, आमचे सर म्हनून."

मी त्यांना चहा विचारला नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला चहा विचारला जायचा.

आता मोठ्या सरांच्या केबिनची पद्धत सांगायला हवी. त्यांना चाळिशी लागली होती, पण चष्मा लावायची लाज वाटायची. म्हणून त्यांच्या टेबलावरचा जुना, चौदा इंची मॉनिटर त्यांनी सगळ्यात मोठ्या अक्षरांवर लावून घेतला होता. लॅबमधल्या नव्या मशिनांवर जेवढं पान मावायचं त्याच्या अर्ध्याहून थोडंसं जास्त त्यांच्याकडे दिसायचं. हे आम्ही बोललो तर ते म्हणायचे की अंबडच्या निम्म्या शेठांकडे असलेच डबे आहेत, पान याच्यावर चाललं तर सगळीकडे चालेल. यात तथ्य होतं. दुसरा नियम असा, की काम दाखवताना करणाऱ्याने टेबलाच्या पलीकडे, मॉनिटरच्या पाठीमागे उभं राहायचं. माउसला हात लावायचा नाही, स्क्रीन बघायचा नाही. तुम्ही काय गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन उभे राहणार आहात का, असं ते विचारायचे. पान आपलं आपण बोललं पाहिजे. त्यामुळे असिस्टंट लोकांनी त्या मॉनिटरची फक्त पाठ बघितलेली होती. केबिनची किल्ली माझ्याकडे असायची, कारण ते मशिन मीच बसवलं होतं.

तिची साइट माझ्यापेक्षा चांगली झाली होती. हे मला पहिल्या दिवशीच कळलं. मी वरच्या पट्टीत फिरणारा गिअर टाकला होता, मागे निळ्या ठिपक्यांचं चित्र, नाव सरकत जाणारं. तिचं पान पांढरं होतं. डावीकडच्या फ्रेमला फिका करडा रंग, नऊ ओळींची यादी, शेवटच्या दोन ओळी 'चौकशी' आणि 'पत्ता'. मधे कुठेही रेघ नाही, मजकूर कडेला चिकटू नये म्हणून फ्रेमच्या आत चारी बाजूंनी नेमकी जागा सोडलेली. बघणाऱ्याला फ्रेमा आहेत हे कळलंसुद्धा नसतं.

एकच गोष्ट तिने मोकळी ठेवली होती. यादी फ्रेममध्ये मावली नाही तर बाजूला सरकपट्टी आपोआप यावी, अशी. मी तिच्या मागे उभा राहून म्हणालो, की हे काढून टाका. सरकपट्टी आली की सगळी शोभा जाते, गावठी दिसतं. स्क्रोलिंगपुढे 'नो' लिहा.

ती म्हणाली, "पण मोठ्या सरांच्या स्क्रीनवर मावलं नाही तर?"

"मी बघतो की," मी म्हणालो. "द्या फ्लॉपी." तिने 'नो' लिहिलं, फाइल सेव्ह केली आणि फ्लॉपी दिली.

मोठे सर जेवायला घरी गेले होते. मी केबिन उघडली, त्यांच्या खुर्चीत बसलो, फ्लॉपी घातली. पान उघडलं. डावीकडे सात ओळी दिसत होत्या. आठवी आणि नववी फ्रेमच्या खाली गडप झालेल्या. सरकपट्टी नाही, त्यामुळे खाली काही आहे असा संशयही यायचं कारण नव्हतं. मी ते पान बराच वेळ बघत बसलो. त्या 'नो'च्या जागी पुन्हा 'ऑटो' लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. काका वहीतलं पान खोडतायत ते मला दिसत होतं. मी फ्लॉपी काढली, कुलूप लावलं आणि बाहेर येऊन तिला म्हणालो, "बसतंय. बिनधास्त राहा."

तिने थँक्यू म्हटलं.

दोन दिवसांनी मोठ्या सरांनी आम्हाला आत बोलावलं. माझी साइट आधी झाली. त्यांना फिरणारा गिअर आवडला, ठिपक्यांनी डोळे दुखले. मग ती टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि मी सरांच्या खुर्चीशेजारी आलो, सीनिअर म्हणून. त्यांनी बराच वेळ क्लिक केलं. स्वच्छ आहे, म्हणाले. ती हसली. मग त्यांनी विचारलं, की शेठचा पत्ता कुठे टाकलाय.

"डावीकडे सर, सगळ्यात खाली."

"डावीकडे नाही."

"आहे सर. शेवटची ओळ. तिच्यावर चौकशी आहे."

सरांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं. त्यांना वाटलं डोळ्यांमुळेच दिसत नाहीये, म्हणून ते आणखी चिडले. "अहो, शेवटची ओळ प्रमाणपत्रांची आहे."

ती म्हणाली नाही सर, त्याच्याखाली दोन आहेत. मॉनिटरच्या पाठीकडे बघत म्हणाली, तिथे ज्या वायरी होत्या त्यांच्याकडे. तिने विचारलं, की मी त्या बाजूला येऊन दाखवू का. सरांनी विचारलं, की अंबडला प्रत्येक शेठच्या घरी अशीच जाऊन दाखवणार आहात का. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बघा हो. तुम्हाला दिसतंय?"

तिनेही माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं, कारण मी ते बघितलेलं होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "नाही दिसत."

हे खोटं नव्हतं. त्या खोलीत खोटं असं मी एक अक्षर बोललो नाही. ती पुन्हा एकदा म्हणाली, आहे सर. आवाज चढला होता. मोठ्या सरांना चूक चालायची, उलट बोललेलं चालायचं नाही. त्यांनी पान बंद केलं आणि म्हणाले, की जे नाही ते आहे म्हणून माझ्याच तोंडावर तीनदा सांगताय, गिऱ्हाइकाला काय सांगाल. तिला बाहेर जायला सांगितलं.

ती तडक लॅबमध्ये गेली आणि फ्लॉपी लावली. तिथे नऊच्या नऊ ओळी. मग तिने, मला वाटलं नव्हतं तिला सुचेल, मशिनची अक्षरं मोठ्या सरांच्या मॉनिटरएवढी करून बघितली. सात. मी मागे जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाली, "सर, तुम्ही बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं की. तेव्हा बसत होतं. नंतर तुम्ही अक्षर वाढवलं असेल."

"मी नाही वाढवलं."

"आठवा नीट. शेवटी शेवटी माणूस काहीतरी हात फिरवतोच."

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "वाढवलं असेल. लक्षात नाही माझ्या." आणि माझी माफी मागितली, की सरांसमोर तुम्हाला उगीच अडचणीत आणलं. मी म्हणालो, असू द्या, होतं असं. त्या क्षणी मला जितकं मोठं आणि दयाळू वाटलं तितकं आयुष्यात नंतर कधी वाटलेलं नाही.

आठवडाअखेर तिने येणं बंद केलं. मला कायमचं पत्र मिळालं. मोठ्या सरांना मधेच चुटपुट लागली, पोरीला जरा जास्तच बोललो का, असं विचारायला लागले. ती बौद्ध होती. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीबद्दल, तिथल्या वस्तीबद्दल ती बोलायची, त्यातून मला कळलं होतं. मी सरांना म्हणालो, "काळजी कशाला करता, त्यांना लागते कुठेतरी. त्यांच्यासाठी जागा राखीवच असतात." आमच्या घरात हे वाक्य चहाबरोबर निघायचं. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की सरांनीही मान हलवली आणि तो विषय सोडला.

मग अंबडचे शेठ आले. गिऱ्हाइकाला केबिनमध्ये बसवत नसत, त्याला लॅबमधला नवा मॉनिटर दाखवायचे. शेठनी माझा फिरणारा गिअर बघितला, ठिपके बघितले आणि म्हणाले, "हे लग्नपत्रिकेसारखं झालंय. दुसरं काही आहे का?" मोठ्या सरांनी निरुपाय म्हणून तिचं पान उघडलं. शेठ खुर्ची पुढे ओढून बसले. दोनचार ठिकाणी क्लिक करून म्हणाले, की हेच पाहिजे. आणि मोठे सर डावीकडच्या फ्रेमकडे बघतच राहिले. तिथे आठवी ओळ होती आणि नववीही होती.

"पत्ता तर आहे की इथे," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

"मी दुरुस्त केलं, सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शेठ गेल्यावर म्हणाले, की तुमचं मन मोठं आहे. आणि मग म्हणाले, की पोरीच्या हातात काम आहे हो, अडेल असली म्हणून काय झालं. वेबची कामं वाढणारच आहेत, तिलाही कायम करू, तुम्ही आहातच, ती तुमच्या हाताखाली राहील. तिला फोन लावा आणि उद्याच बोलावून घ्या.

म्हणजे माझं काहीच जाणार नव्हतं. पत्र माझ्या खिशात होतं. नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो, ती येऊन फाइल उघडेल, तिथे अजून 'नो'च लिहिलेलं दिसेल, माझं बिंग फुटेल. हे खोटं आहे. ती यायच्या आत तो शब्द मी सहज बदलला असता. मला ती परत नको होती, एवढंच. तिने माझ्याहून चांगलं करावं आणि वर माझ्याकडे आदराने बघावं, हे रोज सोसायची माझी तयारी नव्हती.

मनमाडचा नंबर तिच्या अर्जावर होता, समोरच्या क्वार्टरमधल्या लोकांचा. मी ऑफिसातून फोन लावला. एका बाईने उचलला. मी तिचं नाव सांगितलं, नाशिकहून क्लासमधून बोलतोय म्हणालो. बाई म्हणाली, "थांबा हां, बोलावते. हायेत समदी घरीच." तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि दारातून हाक मारली, नाशिकचा फोन आलाय गं, क्लासमधून. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग चपला न घालता कुणीतरी पळत येत होतं.

मी फोन ठेवला. केबिनमध्ये जाऊन मोठ्या सरांना सांगितलं, की त्यांनी क्वार्टर सोडलं म्हणे. गावचा पत्ता आहे का कुणाकडे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही.

सर अरेरे म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेठच्या पुढच्या भेटीच्या तारखेला गोल केला. मी फोन लावला त्या दिवशी जूनची एकोणीस होती.